मॅरिनर्सचे कोण घ्यायचे आणि किती लवकर: 2026 च्या मोसमाआधी

तुमचा प्रश्न असा: ऑफिसातल्या 12 जणांच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये (खरे खेळाडू निवडून आपला काल्पनिक संघ बांधायचा आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मिळवायचे) पहिल्यांदाच उतरताय, रोटो पद्धत (प्रत्येक आकड्याच्या रकान्यात बाकीच्यांच्या तुलनेत कितवे, त्यावर गुण), बॅटिंग आणि पिचिंगचे नेहमीचे पाच-पाच रकाने, आणि सिएटलला नव्याने राहायला आल्यामुळे तिथल्या मॅरिनर्स संघाचे दोन-तीन जण तरी संघात हवेत. त्यातही मोठी शंका कॅल रॉलीची. गेल्या मोसमात 60 होमरन मारणाऱ्या कॅचरवर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) ड्राफ्टची, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याची, पहिली फेरी खर्च करावी का?

मी सिएटलजवळ बॉथेलला बारा वर्षं राहते आणि त्यातली नऊ वर्षं अशीच लीग खेळते आहे. रॉलीबद्दल खाली सविस्तर लिहिते, पण नाव बघण्याआधी मैदान बघा. मॅरिनर्सच्या बाबतीत सगळा हिशोब तिथून सुरू होतो.

त्यांचं मैदान टी-मोबाइल पार्क प्यूजेट साउंडच्या खाडीजवळ आहे, अगदी समुद्रसपाटीला. एप्रिल-मे महिन्यात रात्रीची हवा गार आणि जड असते. छप्पर सरकून वर येतं, पण बाजू उघड्याच राहतात. पाऊस अडतो, गारठा अडत नाही. वरच्या मजल्यावर तिसऱ्या बेसच्या बाजूला बसून मी हे कितीतरी वेळा पाहिलंय: बॅटचा आवाज असा येतो की सगळे उठून उभे राहतात, शेजारच्या रुळांवरून मालगाडीचा भोंगा वाजतो, चेंडू दिव्यांच्या उंचीपर्यंत चढतो, आणि मग त्यातला जीवच जातो. लेफ्ट फील्डर (डावीकडचा क्षेत्ररक्षक) भिंतीपाशी दोन पावलं मागे सरकतो आणि तो आरामात घेतो. हाच फटका ह्यूस्टनच्या मैदानावर डावीकडच्या 315 फुटांवरच्या भिंतीपलीकडे गेला असता. शिवाय या मैदानावर नुसत्या धावाच कमी होतात असं नाही, स्ट्राइकआउटही (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) इतर ठिकाणांपेक्षा जास्त होतात.

म्हणून माझं धोरण सरळ आहे. मॅरिनर्सच्या बॅटरकडून होमरन आणि स्टील (धावत चोरलेले बेस) घ्यायचे, ॲव्हरेजची (किती वेळा फटका लागू पडतो त्याचं प्रमाण) आशा दुसऱ्या संघांवर ठेवायची. पिचर (चेंडू टाकणारे) मात्र निर्धास्तपणे घ्यायचे.

आता रॉली. 2022 पासूनचे त्याचे होमरन ओळीने बघा: 27, 30, 34, 60. पहिले तीन आकडे चढत्या पायऱ्यांसारखे आहेत, चौथा एकदम वरच्या मजल्यावर. 2025 मध्ये त्याने 125 आरबीआय (त्याच्या बॅटमुळे संघाला मिळालेल्या धावा) केले, 110 रन (स्वतः धावत पूर्ण केलेल्या धावा) केले, 14 बेस चोरले आणि ॲव्हरेज .247 राखली. आदल्या वर्षी ती .220 होती. मिकी मँटलचा स्विच-हिटरचा (दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्याचा) 54 चा आणि केन ग्रिफी ज्युनियरचा क्लबचा 56 चा विक्रम त्याने एकाच मोसमात मागे टाकला. ते बघायला मिळालं हे माझं भाग्य समजते. पण ड्राफ्टमध्ये आपण झालेल्या होमरनचे पैसे देत नाही, होणाऱ्यांचे देतो. त्याने 38 होमरन जुलैमधल्या ऑल-स्टार विश्रांतीच्या आधी मारले होते आणि 22 नंतर. 159 सामने, त्यावर प्लेऑफचे (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचे) 12, आणि त्यातले बहुतेक गुडघ्यांवर बसून. यंदा माझा अंदाज 40 ते 45 होमरन आणि .235 च्या आसपास ॲव्हरेज असा आहे.

तरीही तो महागात पडत नाही, कारण तो कॅचर आहे. तुमच्या लीगमध्ये 12 जणांना 12 कॅचर लागणार. बाराव्याच्या वाट्याला जो येईल त्याने 15 होमरन मारले तरी खूप झालं. म्हणजे रॉली 42 वर थांबला तरी त्या जागेवर तुम्ही पंचवीसेक होमरनने पुढे. आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या मागच्या भागातल्या खेळाडूंत) एवढं अंतर मिळवून देणारे फारच थोडे. माझं उत्तर असं: पहिल्या फेरीत नको, दुसऱ्या फेरीत हाताला लागला तर बिनधास्त घ्या. त्याला सोडलात, तर मग कॅचरचा विचार थेट शेवटच्या फेऱ्यांतच करा.

पहिल्या फेरीच्या शेवटी मी ज्याचं नाव घेईन तो हूलियो रॉड्रिगेझ. 2023 मध्ये 32 होमरन आणि 37 स्टील, 2025 मध्ये 32 आणि 30. होमरन आणि स्टील दोन्ही रकाने एकटा ओढणारे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. अडचण एकच: हूलियोचा मोसम उशिरा सुरू होतो. 2022 मध्ये तो नवखा होता. अख्ख्या एप्रिलमध्ये त्याला एकही होमरन मारता आला नाही, पहिला आला 1 मे रोजी. त्याच्या एक-दोन दिवस आधी मी धीर सोडला आणि माझ्या फँटसी संघातून त्याला देऊन एक उतरत्या वयाचा पिचर घेतला. हूलियोने 28 होमरन आणि 25 स्टीलसह अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवख्याचा) पुरस्कार पटकावला. माझा पिचर जूनमध्ये जायबंदी झाला आणि ती लीग मी दोन गुणांनी हरले. ते अजून मनात आहे. त्यामुळे कळकळीने सांगते: घेतलात तर जूनपर्यंत त्याच्या आकड्यांकडे बघू नका. मेमध्ये कुणीतरी गोड बोलून त्याला मागायला येईल. देऊ नका.

तुम्हाला पहिल्या फेरीतली शेवटची पाळी आली आणि दुसरी फेरी उलट्या क्रमाने चालणार असेल, तर हूलियो आणि रॉली पाठोपाठ मिळू शकतात. मोह होईल. मी मात्र दोघांपैकी एकच घेईन, कारण दोघेही त्याच गारठ्यात खेळणार आणि एप्रिलमध्ये तुमचे पाचही बॅटिंगचे रकाने एकदम तळाला जाऊ शकतात.

जॉश नेलरला संघाने पाच वर्षांसाठी 92.5 दशलक्ष डॉलर देऊन ठेवून घेतलं, याचा मला मनापासून आनंद झाला. 2025 मध्ये .295 ॲव्हरेज, 20 होमरन आणि 30 स्टील. धावायला तो लीगमधल्या सर्वांत मंद खेळाडूंपैकी आहे. त्याचं कसब पायांत नाही, डोळ्यांत आहे. पिचरचा खांदा आणि टाच बघत तो पहिल्या बेसपासून इंच इंच सरकतो आणि पिचरचं लक्ष सुटलं की निघतो. जुलैअखेर इथे आल्यावर त्याने 19 वेळा प्रयत्न केला आणि 19 वेळा यशस्वी झाला. पण यंदा सगळे पिचर त्याच्यावर नजर ठेवतील. 12-15 स्टील धरा, जास्त आले तर बोनस. या संघात ॲव्हरेज सांभाळणारा बॅटर शोधत असाल तर तो हाच. रँडी अरोझारेना उलट्या प्रकृतीचा: 27 होमरन, 31 स्टील, ॲव्हरेज .238. सलग पाच मोसम त्याने 20-20 (किमान 20 होमरन आणि 20 स्टील) केलंय आणि 2026 हे त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष आहे. पाचव्या-सहाव्या फेरीत मिळाला तर घ्या.

होर्हे पोलँको न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, त्याच्यासोबत 26 होमरन गेले. युहेनियो सुआरेझचाही करार संपला. त्या दोन जागांमुळे हूलियो-रॉलीचे रन आणि आरबीआय थोडे घटतील, ते हिशोबात धरा.

पिचिंगमध्ये माझी पहिली पसंती ब्रायन वू. 2025 मध्ये 15 विजय, 2.94 ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं), 198 स्ट्राइकआउट. पहिल्या सलग 25 सामन्यांत त्याने किमान सहा इनिंग टाकल्या आणि एकाही सामन्यात दोनपेक्षा जास्त वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) दिले नाहीत. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर टप्पा आणि दिशा कधी न सोडणारा गोलंदाज, आणि तोही जवळजवळ नुसत्या फास्टबॉलवर. व्हिपचा (दर इनिंगमागे दिलेले वॉक आणि हिट) रकाना असा माणूस एकटा सावरतो. काळजी एवढीच की 121 इनिंगवरून तो एकदम 186 वर गेला आणि सप्टेंबरमध्ये छातीचा स्नायू दुखावला. लोगन गिल्बर्टचं कोपर गेल्या वर्षी दुखलं, तरी 131 इनिंगमध्ये 173 स्ट्राइकआउट घेतले. वू हुकला तर गिल्बर्ट. जॉर्ज कर्बीकडे लोक 4.21 ईआरए बघून पाठ फिरवतील. खांद्याच्या सुजेमुळे तो मेअखेर मैदानात उतरला होता, हे विसरू नका. 2024 मध्ये याच माणसाने 191 इनिंगमध्ये फक्त 23 वॉक दिले होते. या संघातला सर्वांत स्वस्तात मिळणारा चांगला खेळाडू तोच असेल असं मला वाटतं. पिचर लुईस कास्तियो फक्त घरच्या सामन्यांत खेळवा. ब्राइस मिलरच्या कोपरात हाडाची वाढ निघाली होती. त्याला शेवटच्या फेरीत घ्यावा, त्याआधी नाही.

सेव्हसाठी (शेवटी येऊन संघाची आघाडी राखणं) आंद्रेस मुन्योझ: 38 सेव्ह, 1.73 ईआरए. कॅचर हॅरी फोर्डला वॉशिंग्टनला देऊन डावखुरा पिचर होसे फेरर आणलाय, तो दोन-चार सेव्ह खाईल, जास्त नाही.

वेळापत्रकाची एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. ॲथलेटिक्स सध्या वेस्ट सॅक्रामेंटोच्या लहान मैदानावर खेळतात, आणि ते मॅरिनर्सच्याच गटात आहेत. तिथली उन्हाळी हवा कोरडी आणि तापलेली, चेंडू नुसता उडतो. त्या आठवड्यात अरोझारेनाला बाकावर बसवू नका, आणि कास्तियोला खेळवू नका.

संघाबद्दल विचारलंत तर माझा अंदाज 90 विजयांच्या आसपास, म्हणजे गेल्या वर्षाइतकाच. वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) कधीच न खेळलेला 30 संघांपैकी हा एकमेव संघ. गेल्या ऑक्टोबरमध्ये टोरोंटोविरुद्ध अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात 3-1 ने पुढे होतो, आठ आउट बाकी होते, आणि त्यांच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला. माझी मुलगी त्या रात्री टीव्ही बंद करू देईना. पण पिचर तेच आहेत, हूलियो आणि रॉली आहेत, नेलर आहे. यंदा पुन्हा ऑक्टोबर बघायला मिळेल असं मला खरोखर वाटतं.

आणि ड्राफ्टची तारीख ठरली नसेल तर 17 मार्चनंतरची मागून घ्या. त्या दिवशी वर्ल्ड बेसबॉल क्लासिक संपते. तोवर रॉली आणि हूलियो दोघेही आपापल्या देशांकडून खेळून आलेले असतील, कुणाला काही लागलं असेल तर कळेल, आणि वूचा फास्टबॉल ॲरिझोनातल्या सराव सामन्यांत किती वेगाने निघतोय तेही दिसेल.