एकच जहाज, दोन सामोआ

प्रश्न : युरोपीय लोक जेथे गेले, तेथील मूळ रहिवासी देवी, गोवर अशा रोगांनी मोठ्या संख्येने दगावले, असे वाचनात आले. त्यांची प्रकृतीच नाजूक होती का? आणि समाजांनी अशा साथींना तोंड कसे दिले?

उत्तर : प्रकृती नाजूक नव्हती; हा गैरसमज मला फार खुपतो. ज्या रोगाशी एखाद्या समाजाची गाठ पडलेली नसते, तो तेथे लहानथोर सर्वांना एकदमच गाठतो. १८४६ मध्ये युरोपातल्याच फेरो बेटांवर गोवर आला, तेव्हा सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० जणांना तो झाला. मात्र १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही, असे पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरांनी तेथे जाऊन नोंदवले. अख्खे घर अंथरुणाला खिळले की पाणी द्यायलाही कोणी उरत नाही. १५२० मध्ये मेक्सिकोत देवीबरोबरच उपासमारीनेही माणसे मेली, ती त्यामुळेच.

तोंड देण्याच्या तऱ्हा मात्र निरनिराळ्या होत्या. आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरात फेब्रुवारी १३४९ मध्ये, प्लेग शहरात पोहोचण्यापूर्वीच, विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन ज्यू रहिवाशांना जिवंत जाळण्यात आले. याउलट आज क्रोएशियात असलेल्या दुब्रोवनिक या बंदराच्या शहराने १३७७ मध्ये असा नियम केला की, प्लेगग्रस्त भागातून येणारा कोणीही असो, त्याने ३० दिवस शहराबाहेर राहावे. भीती दोन्हीकडे तीच होती.

१९१८ मधील सामोआ या पॅसिफिक महासागरातील बेटांचे उदाहरण तर विसरता येण्यासारखे नाही. ७ नोव्हेंबरला ऑकलंडहून आलेल्या ‘तालुने’ जहाजावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण असूनही न्यूझीलंडच्या ताब्यातील पश्चिम सामोआत, अपिया बंदरात, प्रवाशांना उतरू दिले गेले आणि पुढे सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून अधिक, मृत्युमुखी पडली. शेजारच्या अमेरिकन सामोआत लोक तेच, भाषाही तीच. परंतु गव्हर्नर जॉन पोयर यांनी बाहेरून येणाऱ्यांना अटकाव केला, गावकऱ्यांनी किनाऱ्यावर पहारे दिले आणि तेथे या साथीने एकही बळी घेतला नाही. अपियात जे घडले, त्याबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२ मध्ये सामोआची जाहीर माफी मागितली.