‘निक्सी’ या जलपरीचं नाव आलं कुठून? आपल्या आसरांशी त्याचं नातं आहे का?

सरळ उत्तर असं की इंग्रजांनी ‘निक्सी’ जर्मनमधून उचलला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने १८१६ मध्ये तो इंग्रजीत आणला. जर्मनमध्ये पाण्यातल्या या बाईला ‘निक्से’ म्हणतात. इंग्रजीत नकारासाठी वापरतात तो ‘निक्स’ मात्र वेगळा, ‘काही नाही’ या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आलेला.

पण खरी गंमत त्याच्याही मागे आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात धोब्यासाठी एक शब्द येतो, ‘निर्णेजकः स्याद्रजकः’. त्यातला धातू ‘निज्’, म्हणजे धुणं. ग्रीकमध्ये तोच ‘निझो’, मी धुतो. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ निक्सीचं मूळ याच धातूत मानतात. संस्कृतातल्या ‘ज’च्या जागी जर्मन कुळातल्या भाषांत ‘क’ येतो, आणि धुण्यावरून अर्थ सरकत पाण्यात राहणाऱ्या जिवापर्यंत गेला. हा जीव सुरुवातीला परीबिरी नव्हता. जुन्या जर्मनमध्ये त्या शब्दाने मगरही समजत. जुन्या इंग्रजीत तो ‘निकोर’. ‘बेओवुल्फ’ काव्याचा नायक समुद्रात असे नऊ निकोर मारतो. म्हणजे इंग्रजांकडे घरचा शब्द होताच. तो विसरला गेला आणि शेकडो वर्षांनी त्याचीच जर्मन बहीण पाहुणी म्हणून आली. इंग्लंडच्या ससेक्समधल्या लिमिन्स्टर गावी झऱ्याचं एक तळं आहे, ‘नकर होल’. त्यात ‘नकर’ नावाचा ड्रॅगन राहायचा अशी तिथली कथा. त्या नावात निकोर अजून टिकून आहे.

मला सगळ्यात जास्त हलवतं ते स्कॉटलंडमधलं भूत. गेलिक भाषेत तिला ‘धुणारी बाई’ असंच म्हणतात. ओढ्याच्या काठी एकटी बसून ती रक्ताने माखलेले कपडे धूत असते, आणि ते कपडे लवकरच मरणाऱ्या माणसाचे असतात. तिच्या नावातलं ‘धुणं’ही याच धातूचं. एकाच मुळावरून एकीकडे जलपरी झाली आणि दुसरीकडे ओढ्यावर मरणाची धुणी धुणारी ही बाई.

आता आसरा. विहिरीच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड आपण पाहिलेले असतात, त्या साती आसरा. ‘आसरा’ आला ‘अप्सरा’वरून, आणि त्यातला ‘अप्’ म्हणजे पाणी. दोघींचं घर पाण्यातच, पण नावाचं मूळ वेगळं. निक्सीची सख्खी बहीण शोधायची असेल, तर ती धोब्याच्या ‘निर्णेजक’ या नावात सापडेल.