प्रश्न तुमचे : मशीनची वायर कडक झालीय, मऊ कुठे मिळेल?

प्रश्न : माझ्या ड्रिल मशीनची वायर लाकडासारखी कडक झालीय, गुंडाळून ठेवली की तशीच वेटोळी राहते आणि काम करताना हात ओढला जातो. लोहार चाळीत तीन दुकानांत 'फ्लेक्सिबल वायर द्या' म्हटलं, तिन्हीकडे तीच गुळगुळीत पांढरी पीव्हीसीची पुढे केली. इस्त्रीची वायर पण तोंडाशी सोलली आहे. काय मागू?
— एक वाचक, परळ

उत्तर : दादा, दुकानदारांनी तुम्हाला फसवलं नाहीये, शब्दाचा घोळ झालाय. आपल्याकडे आत तांब्याच्या बारीक तारा असलेली कुठलीही वायर 'फ्लेक्सिबल'च, मग वरचं कव्हर कसंही असो. आणि तुम्हाला जो मऊपणा हवाय तो तारांपेक्षा जास्त त्या कव्हरवर अवलंबून असतो. पीव्हीसी मऊ ठेवायला त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते उष्णतेने आणि वर्षांनी हळूहळू निघून जातं, मग वायर कडक होते आणि शेवटी चिरते. तुमच्या ड्रिलचं हेच झालंय.

म्हणून दुकानात 'फ्लेक्सिबल' म्हणूच नका, 'मशीनची रबर केबल, काळी, १ स्क्वेअर एमएम' असं मागा, हा आकडा आतल्या तांब्याच्या जाडीचा. ६०० वॅटचं ड्रिल २३० व्होल्टवर साधारण २.६ अँपिअर घेतं, म्हणजे ०.७५ सुद्धा पुरते, पण रोज ओढाताण होणाऱ्या मशीनला मी १ चीच घेईन. त्यापेक्षा जाड नको, कारण मशीनच्या तोंडाशी जो रबरी बूट असतो त्यात ती शिरायला हवी, म्हणून जुन्या वायरचा वीतभर तुकडा आणि तो बूट खिशात घालूनच जा. लोहार चाळीत नाही जमलं तर नागदेवी स्ट्रीटला मशीन-हत्यारांच्या दुकानांत विचारा, आणि रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात.

दोन कोर (म्हणजे केबलच्या आतल्या वेगवेगळ्या कव्हरच्या वायरी) की तीन, हे मशीनच सांगतं. नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते डबल इन्सुलेटेड, म्हणजे दुहेरी संरक्षणाचं, अर्थिंग न लागणारं, त्याला दोनच कोर लागतात. ते चिन्ह नसेल आणि जुन्या वायरीत तीन कोर असतील तर तीनच घालायच्या, अर्थिंग सोडून द्यायचं नाही, मेकॅनिक कितीही म्हणाला 'चालतं हो' तरी.

घ्यायच्या आधी टोकाच्या एका तारेला ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ते तांबं नाही, तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, परत द्या. केबलवर आयएसआय मार्क छापलेला बघा, रबरच्या केबलला आयएस ९९६८ आणि पीव्हीसीच्या केबलला आयएस ६९४.

आता इस्त्री. इथे साधी पीव्हीसी नकोच, गरम तव्याला नुसती टेकली तरी वितळते. इस्त्रीला कापडी वीण असलेली तीन कोरची वायर मिळते, आत रबर वर सुती, तीच मागा. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअरच्या आसपास घेते, तेव्हा ०.७५ चालते, पण तीन कोर हवेच कारण खालचा तवा धातूचा. आमच्याकडे अशीच तोंडाशी सोललेली इस्त्री टेप गुंडाळून बरेच महिने वापरली आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून कपड्यांना इस्त्री करताना आईला झटका बसला. ती बरी आहे, पण टेप मारून दिवस काढणाऱ्या कुणालाही मी तेव्हापासून हात जोडून नको म्हणते.

जोडताना आत हिरवी अर्थची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे चुकून वायर खेचली गेलीच तर ती शेवटी सुटेल. वायर दाबून धरणारी क्लिप परत बसवायला विसरू नका, गाठ मारून भागवू नका. आणि स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर मारू नका, ते दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल पडतो आणि तिथे वायर तापते. तारा पिळून त्यावर लग (टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून घ्या. हे स्वतः कधी केलं नसेल तर जवळच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, फक्त त्याच्याजवळ उभं राहून बघा.

प्रश्न : किटलीची सुटी कॉर्ड हरवली. कॉम्प्युटरची सारखीच दिसते पण आत जात नाही. थोडं घासून बसवू का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : अजिबात नको ताई. किटलीच्या सॉकेटमध्ये मुद्दाम एक उंचवटा असतो आणि तिच्या कॉर्डला त्या जागी खाच असते. कॉम्प्युटरची सी-१३ कॉर्ड ७० अंशांपर्यंतच्या पिनांसाठी असते, खाचवाली सी-१५ १२० अंशांपर्यंत. घासून बसवली तर ती किटलीच्या गरम पिनांवर मऊ पडत जाईल. दुकानात 'खाचवाली, सी-१५' मागा आणि किटली पिशवीत घालून सोबत न्या, तिथेच लावून बघता येईल.