एंटरप्राइज लायसन्सवर सही करण्याआधी

सप्रेम नमस्कार.

शेअर बाजाराच्या (एक्स्चेंजच्या) ताज्या भावांचा डेटा तुमच्या संस्थेत वापरण्यासाठीच्या एंटरप्राइज लायसन्सचा प्रस्ताव तपासायचं काम तुझ्याकडे आलंय, हे वाचून बरं वाटलं. खरेदी विभागाला हा विषय तांत्रिक वाटतो, आयटीला कायद्याचा आणि कायदा विभागाला नुसता बिलाचा. त्यामुळे तो कुणाच्याच टेबलावर नीट पाहिला जात नाही. तू मनावर घेतलं आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"एकदा ठोक रक्कम भरली की वापरकर्त्यांच्या मोजदादीची कटकट संपेल," हे तुझं वाक्य मात्र मला पटलं नाही. एंटरप्राइज लायसन्स म्हणजे ठरावीक डेटाच्या ठरावीक वापरासाठी घातलेली फीची कमाल मर्यादा. त्या मर्यादेबाहेरचा प्रत्येक वापर पूर्वीसारखाच वेगळा आकारला जातो. बऱ्याच करारांत तर मर्यादेच्या आतल्या वापराचाही अहवाल द्यावाच लागतो.

हिशेब करून बघ. समजा, एका फीडची, म्हणजे सतत येणाऱ्या ताज्या भावांच्या प्रवाहाची, फी माणशी दरमहा 50 आहे आणि ठोक रक्कम दरमहा 40,000. म्हणजे 800 वापरकर्त्यांपाशी दोन्ही खर्च सारखे होतात. तुमच्या यादीत 900 नावं आहेत, त्यामुळे ठोक रक्कम स्वस्त वाटते. पण ती 900 नावं उघडून पाहिली आणि त्यांतली 80 लॉगिन नोकरी सोडून गेलेल्यांची निघाली तर? आणखी 120 जण दोन वेगवेगळ्या व्हेंडरांच्या (भाव पुरवणाऱ्या कंपन्यांच्या) पडद्यांवर तेच भाव बघत असतील, म्हणून दोनदा मोजले गेले असतील तर? काही एक्स्चेंज अशी दुहेरी मोजणी वजा करू देतात, मात्र त्यासाठी आधी अर्ज आणि पुरावा लागतो. ती सवलत मिळाली तर उरतात 700, आणि बिल होतं 35,000. यादी साफ करणं हाच इथे स्वस्त पर्याय ठरतो. प्रस्ताव घेऊन येणारा माणूस हे सांगणार नाही, ते त्याचं काम नाही. ते तुझं आहे.

मोजणीचं एकक काय, हे करारातून शोधून काढ. कुठे माणूस मोजतात, कुठे लॉगिन, कुठे यंत्र. प्रोफेशनल (धंद्यासाठी भाव बघणारा) आणि नॉन-प्रोफेशनल (फक्त स्वतःच्या गुंतवणुकीसाठी बघणारी व्यक्ती) हा भेदही तिथेच असतो, आणि त्यातलं अंतर मोठं आहे. अमेरिकेत नॅसडॅक या एक्स्चेंजवर नोंदलेल्या शेअरांचे सगळ्या एक्स्चेंजांवरून एकत्र केलेले भाव यूटीपी प्लॅन या सामायिक व्यवस्थेमार्फत मिळतात. त्याची फी अनेक वर्षं नॉन-प्रोफेशनलला महिना 1 डॉलर आणि प्रोफेशनलला 24 डॉलर अशी राहिली. घरी बसून स्वतःच्या पैशांचे व्यवहार करणाऱ्यानं कंपनीच्या नावानं खातं उघडलं, की तो प्रोफेशनल ठरतो. ग्राहकांना भाव दाखवणाऱ्या ब्रोकरनं हे वर्गीकरण ढिलं ठेवलं, तर फरकाची वसुली ब्रोकरकडूनच होते.

आता सगळ्यात अवघड भाग, नॉन-डिस्प्ले वापर. डिस्प्लेत माणूस पडद्यावर भाव वाचतो; इथे भाव माणूस वाचत नाही, प्रोग्रॅम वाचतो. ऑर्डर टाकणारा अल्गोरिदम, जोखीम मोजणारी प्रणाली, पोर्टफोलिओचं मूल्यांकन, इंडेक्सची आकडेमोड, हे सगळं त्यात येतं. एंटरप्राइज लायसन्स बहुतेक वेळा डिस्प्लेपुरतंच असतं, आणि संस्थांचा वाढता वापर नेमका नॉन-डिस्प्लेत असतो. तिथे डोकी मोजता येत नाहीत, म्हणून फी वापराच्या प्रकारावर लागते आणि ती भली मोठी असते.

हा वापर कसा नकळत सुरू होतो, ते एका एक्सेल शीटमध्ये दिसतं. डीलरच्या शीटमधल्या एका सेलमध्ये फीडला जोडलेला फॉर्म्युला आहे, भाव हलला की आकडा हलतो. इथवर तो त्याचा स्वतःचा डिस्प्ले. मग तो शेजारच्या रकान्यात त्या भावावरून एक आकडा काढतो आणि शीट सामायिक फोल्डरमध्ये ठेवतो. रोज सकाळी दुसरी टीम ती उघडते आणि एक स्क्रिप्ट त्यातले आकडे उचलून ग्राहकांच्या अहवालात टाकते. आता त्या एका सेलमधून लायसन्स नसलेल्यांपर्यंत वितरण, नॉन-डिस्प्ले वापर आणि कदाचित डिराइव्ड डेटा (मूळ भावावरून काढलेले नवे आकडे), असे तीन प्रश्न उभे राहिले. डिराइव्ड डेटाची सर्वसाधारण कसोटी अशी: काढलेल्या आकड्यावरून मूळ भाव परत काढता येतो का, आणि तो आकडा मूळ भावाऐवजी वापरता येतो का? पण प्रत्येक एक्स्चेंजची व्याख्या वेगळी असते, म्हणून हा मुद्दा ऐकीव माहितीवर सोडू नकोस.

फी अवाजवी आहे असं तुझ्या वरिष्ठांचं मत असेल, तर ते एकटे नाहीत. अमेरिकेत 1975 च्या कायदादुरुस्तीपासून बाजारभावांची माहिती न्याय्य आणि वाजवी अटींवर मिळावी असं बंधन आहे, तरी वाद मिटलेला नाही. 2010 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं एनवायएसई आर्का या एक्स्चेंजच्या डेटा-फीला एसईसीनं (अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं) दिलेली मंजुरी अपुऱ्या कारणमीमांसेमुळे परत पाठवली. 2018 मध्ये एसईसीनंच नॅसडॅक आणि एनवायएसई आर्का यांनी आपल्या काही फीचं समर्थन केलेलं नाही असा निर्णय दिला, आणि 2020 मध्ये तो न्यायालयात रद्द झाला. युरोपात मिफिड 2 हा वित्तीय बाजारांचा कायदा 2018 पासून लागू आहे, त्यातही वाजवी व्यावसायिक आधारावर डेटा देण्याची अट आहे. नियामक दर उतरवेल या आशेवर बजेट मांडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी, त्या क्षणाचे ताजे भाव खरोखर कुणाला हवेत ते विचार. युरोपात हेच मिफिड 2 चे नियम 15 मिनिटांनंतरचा डेटा विनामूल्य द्यायला सांगतात. तो पुढे विकायचा असेल तर अटी वेगळ्या, पण मनुष्यबळ विभागातल्या पडद्याला आणि लॉबीतल्या भाव सरकवणाऱ्या पट्टीला तो पुरतो.

करारात चार कलमं मात्र अक्षर न् अक्षर वाच. ऑडिट किती वर्षं मागे जाऊ शकतं आणि थकबाकीवर व्याज किती. उपकंपन्या व्याख्येत येतात का, कारण उद्या तुम्ही एखादी कंपनी विकत घेतलीत तर तिचे वापरकर्ते कुठे बसतील हे तिथेच ठरतं. दरवाढीची सूचना किती दिवस आधी. आणि चाचणीच्या व आपत्कालीन सर्व्हरवरचा वापर मोजला जातो का.

जिथे शंका असेल तिथे वापराचं वर्णन करून एक्स्चेंजला लेखी विचार आणि लेखी उत्तर घे. फोनवर मिळालेलं "चालेल" ऑडिटच्या वेळी कामाला येत नाही. सुरुवात मात्र त्या 900 नावांच्या यादीपासून कर. ती साफ झाल्याशिवाय एक्स्चेंजबरोबर दराची बोलणी सुरू करू नकोस.