शब्दाचा नेमका अर्थ मशीनला कळायला हवाय? आधी एवढंच कर

अरे लगेच बर्टसारख्या मोठ्या न्यूरल भाषा-मॉडेलच्या मागे लागू नकोस, आधी 'पाठ' हा एकच शब्द घे, त्याची शंभरेक वाक्यं जमव आणि कुठे शरीराची पाठ, कुठे धडा ते स्वतः टॅग कर, कंटाळा येतो पण डोळे तिथेच उघडतात.

मग:
- सगळीकडे सरसकट जास्त वापरातला अर्थ टाकून स्कोअर बघ. ही बेसलाइन (म्हणजे पुढच्या पद्धतींनी ओलांडायचा किमान स्कोअर) भलती चिवट असते, नवीन लोक ती काढतच नाहीत.
- लेस्कचा १९८६ चा अल्गोरिदम. प्रत्येक अर्थाच्या व्याख्येतले शब्द आणि वाक्यातले शब्द किती जुळतात ते मोजायचं, बस्स. व्याख्या आयआयटी मुंबईच्या मराठी वर्डनेटमध्ये (शब्दांच्या अर्थांचा डिजिटल कोश) मिळतील.

सगळ्यात कॉमन घोळ म्हणजे प्रत्यय आधीच छाटणं. 'पाठीत' आणि 'पाठात' दोन्हीचं 'पाठ' केलंस की मराठीने फुकट दिलेली खूणच गेली ना! न्यूरल वगैरे नंतर बघू.