गोव्याच्या पावसाळ्यात युरियाचा दगड झाला तर तो वापरावा का?

हो, खुशाल वापरा. युरिया हवेतला ओलावा ओढतो, त्यामुळे गठ्ठा होतो. पण त्यातलं ४६ टक्के नत्र बहुतेक तसंच टिकून असतं. गठ्ठा फोडून चुरा करा. कुंड्यांसाठी लिटरभर पाण्याला २ ग्रॅम विरघळवा आणि माती ओलसर असतानाच, खोडापासून दूर घाला. पिशवीत पाणी शिरून लगदा झाला असेल तर मात्र किती उरलंय हे कळणार नाही.

खरी काळजी वेळेची घ्या. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यात जांभ्याची माती. आषाढातल्या धारेत घातलेलं खत माडाला मिळण्याआधी ओहोळात जातं. उघडीप पाहून, थोडं थोडं विभागून द्या. माती आम्ल असल्याने चुनाही लागतो, पण युरियाबरोबर कधीच नको: नत्र अमोनिया होऊन उडतं.

साठवायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, खाली फळी. पत्र्याचा डबा गंजतो. आणि गोठ्याजवळ तर अजिबात ठेवू नका. गुरांनी युरिया खाल्ला तर जीव जातो.