जर्मन संगीतकार बाखचं चर्चच्या ऑर्गनसाठीचं संगीत पियानोवर ऐकलं तर त्यातली मजा जाते का?

जाते, पण सगळीकडे सारखी नाही, कुठला पीस घेतलाय त्यावर आहे. तुम्ही त्याच्या डी मायनरमधल्या "टोकाटा अँड फ्यूग" या ऑर्गनच्या पीसचं पियानो व्हर्जन ऐकून "काहीतरी पोकळ वाटतंय" असं लिहिलंय ना, बरोबरच वाटलं तुम्हाला. त्या पीसचं निम्मं काम चर्चची इमारत करते, सुरुवातीचे ते सूर थांबले तरी मोठ्या चर्चमध्ये घुमत राहतात आणि पियानोवर त्याच जागी चक्क सगळं गप्प होतं, मग कितीही जोरात बडवा, मला तर ती नुसती बोटांची कसरत वाटते.

मुळात यंत्रच वेगळं आहे. ऑर्गनची पट्टी दाबली की पाइपमध्ये हवा सुटते, हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच, आणि बोट उचलेपर्यंत सूर जागचा हलत नाही. पियानोत हातोडी तारेवर आपटली की त्या क्षणापासून सूर विरायला लागतो. बाखचाच एफ मेजरमधला टोकाटा (बीडब्ल्यूव्ही ५४०, हा बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक) ऐका, सुरुवातीचे ५४ बार (म्हणजे तालाची आवर्तनं) पायाच्या पट्टीने एकच एफ दाबून धरायचा आणि वर दोन्ही हात एकमेकांच्या पाठलागावर. पियानोवाल्याला तो एफ पुन्हापुन्हा वाजवावा लागतो, म्हणजे जो सूर निमूट खाली असायला हवा तोच सारखा मधे बोलतो. शिवाय ऑर्गनला १६ फुटी स्टॉप (पाइपांचा एकेक संच चालू करणारी खुंटी) लावला की लिहिलेल्या सुराच्या एक सप्तक खालचा सूर येतो, ते वजन यावं म्हणून हे पीस पियानोसाठी लिहिणाऱ्या लिस्ट, बुसोनी या मंडळींनी डाव्या हाताला भरपूर ऑक्टेव्ह (एकच सूर दोन सप्तकांत एकदम) दिलेत.

पण छोटे कोराल प्रिल्यूड (चर्चच्या भजनाच्या चालीवर रचलेले पीस) घेतले की गणित उलटं होतं. "इश रूफ त्सू दिर" (बीडब्ल्यूव्ही ६३९) घ्या, एफ मायनरमधला, दोन-तीन मिनिटांचा. वर संथ चाल, मधे डाव्या हाताचे सलग जलद सूर (सोळांश), खाली पायाचे एकसारखे ठोके, बस्स. ऑर्गनवर प्रत्येक आवाजाला वेगळा स्टॉप लावता येतो, पियानोवर रंग एकच, मग तीन आवाज वेगळे ठेवायचे ते फक्त बोटाच्या वजनावर. आणि गंमत म्हणजे त्यामुळेच वरच्या चालीला चढउतार मिळतो, एखादा सूर जरा दाबून पुढचा अलगद सोडता येतो, ऑर्गनच्या एका पट्टीवर हे होतच नाही. बुसोनीने १८९८ मध्ये असे दहा प्रिल्यूड छापले तेव्हा ते "चेंबर स्टाइल"मध्ये केलेत असं शीर्षकातच लिहिलं होतं, म्हणजे चर्च उचलून दिवाणखान्यात आणायचा हट्टच नव्हता त्याचा.

घरी पेटी असेल तर ६३९ ची वरची चाल काढून बघा, पांढरी चारच्या आसपास हात बसतो. सूर धरून ठेवता येतो आणि भात्याने कमीजास्तही करता येतो. खालचं सगळं अर्थात सोडावं लागतं, एक हात भात्यावर अडकलेला असतो.

राहिला प्रश्न ऑर्गनचं संगीत दुसऱ्या वाद्यावर नेलेलं चालतं का याचा. बाखच्या काळी ऑर्गन वाजवायचा तर भाता मारायला वेगळा माणूस लागायचा, वर हिवाळ्यात चर्च गारठलेलं, त्यामुळे ऑर्गनवाले घरी पायाच्या पट्ट्या जोडलेल्या क्लाविकॉर्डवर (पियानोआधीचं, हळू आवाजाचं पट्ट्यांचं वाद्य) रियाज करायचे. बाखने स्वतः विवाल्डी या इटालियन संगीतकाराचे व्हायोलिन कॉन्चेर्टो (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) ऑर्गनवर आणले (बीडब्ल्यूव्ही ५९३ ऐका), सोवळंओवळं त्यालाच नव्हतं तर आपण कशाला पाळायचं!

तेव्हा डी मायनर सोडा, बुसोनीचा ६३९ आधी ऐका. मग ई. पॉवर बिग्ज या ऑर्गनवाल्याने १९६० च्या दशकात पेडल हार्प्सिकॉर्डवर (तारा छेडणारं, पायाच्या पट्ट्यांचं जुनं वाद्य) बाखच्या ट्रायो सोनाटा (तीन आवाजांच्या ऑर्गनच्या रचना) रेकॉर्ड केल्यात त्या शोधा, सूर तिथेही टिकत नाही पण तिन्ही आवाज इतके सुटे ऐकू येतात की चर्चच्या घुमण्यात काय काय बुडत होतं ते कळतं.